चामड्याच्या चकत्यांची मूठ असलेला चाकू निवडताना

चाकू घेताना सगळ्यांची नजर आधी पात्यावर जाते. पण चामड्याच्या चकत्या रचून मूठ केली असेल, तर सुरुवात मुठीपासून करा. असा चाकू किती वर्षं टिकणार, हे तिथेच ठरतं.

ही मूठ बनते कशी?

कमावलेल्या जाड चामड्याच्या चकत्या कापून प्रत्येकीच्या मधोमध खाच पाडतात. पात्याचा मागचा निमुळता भाग, म्हणजे टँग, या खाचांतून ओवतात. एकावर एक चकत्या बसल्या की त्या शिकंज्यात दाबतात आणि बुडाशी धातूची टोपी बसवून ती पिनने, नटने किंवा टँगचं टोक ठोकून पक्की करतात. मग पट्ट्यावर घासून मुठीला आकार देतात. म्हणजे ही मूठ मुख्यतः दाबावर उभी असते. दाब ढिला पडला की चकत्या हलू लागतात.

अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्लॅडस्टन गावच्या मार्बल्स कंपनीने शिकारीच्या चाकूंवर ही मूठ लोकप्रिय केली. १९४२ साली अमेरिकन मरीन कोअरने सात इंची पात्याचा असाच चाकू स्वीकारला. तोच आज ‘का-बार’ या नावाने ओळखला जातो. तो अजूनही बनतो, म्हणून पुढच्या कसोट्यांसाठी त्याचंच उदाहरण घेऊ.

मूठ तपासताना

चाकू म्यानात ठेवूनच मूठ हातात धरा आणि हलकेच पिळून बघा. चकत्या किंवा टोपी किंचितही फिरली, तर तो चाकू बाजूला ठेवा. मग मूठ उजेडात धरून तिच्यावरून नख आडवं फिरवा. नख कुठे फटीत अडकता कामा नये. मूठ आणि पातं यांच्यामधलं आडवं गार्डही हलवून बघा. का-बारच्या मुठीवर गोल खाचा असतात. त्या पकडीसाठी मुद्दाम पाडलेल्या आहेत, त्यांना फटी समजू नका.

जुना चाकू घेत असाल तर आणखी सावध राहा. चामडं वाळून आकसलं की गार्डजवळ फट पडते. तिथून पाणी आत शिरतं आणि टँग आतल्या आत गंजत राहतो. बाहेरून पॉलिश केलेल्या मुठीत हे दिसत नाही. गार्डच्या कडेला तांबूस डाग आहेत का, ते नीट बघा.

पात्याचं पोलाद

का-बारचं नेहमीचं पातं हाय कार्बन पोलादाचं असतं आणि त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ५६ ते ५८ असतो. अशा पोलादाला साध्या दगडावर चांगली धार लागते, पण ओलं राहिलं की ते गंजतं. पुसायचा कंटाळा असेल तर स्टेनलेस घ्या. दोरी कापणं, लाकूड तासणं, स्वयंपाक एवढंच काम असेल तर चार-पाच इंची पातं पुरतं. सात इंची पातं अशा बारीक कामाला अवजड पडतं. पात्याच्या पाठीवर ठोके देऊन लाकूड फोडायचं असेल, तर मात्र ही रचना घेऊ नका. टँग अरुंद असतो आणि दणक्यांनी चकत्या सैल होतात.

कोणाला सोयीची नाही?

ही मूठ हाताला ऊबदार लागते आणि चांगली पकड देते. पण सतत पाणी, रक्त किंवा मासळीशी काम असणाऱ्यांनी रबरी किंवा प्लास्टिकची मूठ घ्यावी. कोकणात पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तशीच या मुठीलाही येते.

कायद्याची बाजू

भारतात शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. पातं लहान असलं तरी महाराष्ट्रात पोलिसांचा मनाई आदेश लागू असताना चाकू बाळगून फिरणं अंगाशी येऊ शकतं. ट्रेकला नेताना तो सॅकमध्ये आत ठेवा. विमानात हातातल्या सामानात तो चालतच नाही.

निगा

मूठ भिजली तर पुसून सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवली तर ती तडकते. अधूनमधून मेणाचा पातळ हात द्या. तेल मात्र बेतानेच लावा, कारण जास्त तेलाने चामडं मऊ पडतं आणि दाब सुटतो. चाकू चामडी म्यानात महिनोन् महिने ठेवू नका. ते दमट हवा धरून ठेवतं आणि पात्यावर गंज चढतो. पात्याला तेलाचा हलका हात देऊन चाकू कोरड्या जागी म्यानाबाहेर ठेवा.

शेवटी दोन चाकूंत निवड अडली, तर ज्याची मूठ घट्ट आहे तो घ्या. बोथट पात्याला तुम्ही घरी दगडावर धार लावाल, पण सैल मूठ दुरुस्त करायची तर टोपी काढून, नव्या चकत्या ओवून पुन्हा दाबावी लागते. ते काम जाणत्या कारागिराचंच आहे.