सोळा पानांत मावणारे वीर

महापेच्या एमआयडीसीत, एका छापखान्याच्या मागच्या दालनात, मी एकदा फर्म्याची घडी पडताना पाहिली. यंत्रातून निघालेल्या मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं होती, काही सुलटी, काही उलटी. पहिल्या पानावर शिवनेरीवरचा पाळणा होता. त्याला अगदी खेटून सोळावं पान, आणि त्यावर रायगडावरची समाधी. जन्म आणि मृत्यू शेजारी शेजारी, एकाच शाईच्या वासात. तिथल्या कामगारानं कागद तीनदा दुमडला, नखानं कडा दाबली आणि पानं आपापल्या क्रमानं लागली. वर रंगीत मुखपृष्ठ, मधोमध दोन पिना, की झालं पुस्तक. एक फर्मा म्हणजे सोळा पानं. आपल्याकडे लहान मुलांच्या हाती पडणारी थोरांची स्वस्त चरित्रं बहुतेक याच मापाची. शिवाजी महाराज सोळा पानांत, झाशीची राणी सोळा पानांत, भगतसिंग सोळा पानांत.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. एवढं मोठं आयुष्य सोळा पानांत बसवायचं तर काहीतरी काढून टाकावं लागणारच. मग आपण काय काढून टाकतो?

उत्तर मिळालं ते महापेच्याच गावठाणात. शनिवारी दुपारी आम्ही काही जण तिथल्या मुलांबरोबर पुस्तकं वाचतो. एका पत्र्याच्या पेटीत दीडशेएक पुस्तकं आहेत, त्यातली निम्मी चरित्रं. पाचवीतल्या एका मुलीनं आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं पिन मारलेलं पुस्तक वाचून संपवलं, मिटलं आणि विचारलं, ‘‘पण ते एवढे चिडले कशावरून?’’

मी पुस्तक हातात घेतलं. तिसऱ्या पानावर वासुदेव तालमीत दंड काढतोय. पाचव्या पानावर त्याच्या हातात तलवार आहे आणि तो इंग्रजांना हाकलण्याची प्रतिज्ञा करतोय. मधल्या चौथ्या पानावर नुसतं चित्र. ‘कशावरून’ नेमकं गळलं होतं.

मग मी तिला सांगितलं. फडक्यांचं गाव शिरढोण, पनवेलच्या पुढे, आपल्याला जवळच. पुण्यात ते लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरीला होते. आई आजारी पडली, रजा वेळेवर मिळाली नाही, आणि ते पोहोचेपर्यंत आई गेलेली. त्यानंतर 1876-77 चा दुष्काळ आला. गावं ओस पडलेली, माणसं अन्नावाचून मरत असलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. 1879 मध्ये ते उठले तेव्हा त्यांच्याबरोबर रामोशी होते, कोळी होते, भिल्ल होते. लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत ते शिकले होते. शेवटी एडनच्या तुरुंगात 17 फेब्रुवारी 1883 रोजी उपोषणात त्यांचा अंत झाला. मुलगी ऐकत होती. ‘‘रजा दिली नाही म्हणून?’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या पप्पांना पण देत नाहीत.’’ तिचे वडील तिथल्याच एका कारखान्यात कामाला जातात. जवळपास दीडशे वर्षांमागचा माणूस एका वाक्यात तिच्या घरात येऊन बसला.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांच्या चरित्रातून तलवार गेली तरी चालेल, पण कारण जाता कामा नये.

मराठीत ही परंपरा पुस्तकांपासून सुरू होत नाही, ती डफापासून होते. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा, तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा, ही आपल्या वीरकथांची पहिली घरं. जत्रेत, देवळापुढे, वाड्याच्या अंगणात मुलं मोठ्यांच्या मांडीवर बसून ती ऐकायची. 1869 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, तोही साध्या बोलीत, कुणबी-माळी, महार-मांगांच्या उपयोगी पडावा म्हणून. त्यांचा शिवाजी आधी रयतेचा आहे, मग बाकी सगळ्यांचा. 1891 मध्ये अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी गावोगावचे पोवाडे जमवून छापले, तेव्हा कानावरची गोष्ट कागदावर आली.

कागदावर येताना गोष्ट आणि इतिहास यांची सरमिसळ होण्याचा एक घोटाळा मात्र झाला आणि तो अजून निस्तरलेला नाही. घोरपडीचंच घ्या. यशवंती घोरपडीला दोर बांधून तानाजी कडा चढला, हे महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल जाणतं. ही घोरपड पोवाड्यातली. सभासदाच्या बखरीत, म्हणजे 1697 मध्ये, कडा चढतात ती माणसं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हे मुलांना सरळ सांगावं असं मला वाटतं. शाहिराला त्या काळोख्या रात्रीचा, त्या उभ्या कड्याचा थरार लोकांपर्यंत पोहोचवायचा होता, म्हणून त्यानं घोरपड आणली. काही मावळ्यांनी नुसत्या हातापायांनी, 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तो कडा गाठला, हे त्याहून मोठं आहे. मुलाला दोन्ही द्या: ही गोष्ट आणि हा इतिहास. नऊ वर्षांच्या मुलाला हा फरक कळतो. रायगडावरच्या हिरकणीच्या गोष्टीचंही तेच. ती लोकांनी जपलेली गोष्ट आहे असं सांगितल्यानं तान्ह्या बाळासाठी कडा उतरणारी ती गवळण लहान होत नाही.

मुलांसाठी नेमानं चरित्रं लिहिणारा पहिला मोठा माणूस म्हणजे विनायक कोंडदेव ओक. 1881 मध्ये त्यांनी ‘बालबोध’ मासिक काढलं आणि 1914 मध्ये डोळे मिटेपर्यंत चालवलं. अंकामागून अंक चरित्र द्यायचं, कविता द्यायची, निबंध द्यायचा. चरित्रांची संख्या चारशेच्या वर गेली. एका माणसानं, एका मासिकात, तेहेतीस वर्षं. आज आपण मुलांसाठी लिहिणं म्हणजे हातचा मळ समजतो, तेव्हा मला ओकांची आठवण होते. पुढे 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ आलं. साने गुरुजींनी गांधीजींच्या गोष्टी मुलांच्या कानाशी बसून सांगाव्यात तशा लिहिल्या. बालभारतीचं ‘किशोर’ 1971 च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोहोचलं.

पण मराठी मुलानं सर्वात जास्त वाचलेलं वीरचरित्र कोणतं, असं विचारलं तर ते दुकानातलं नाहीच. ते आहे चौथीचं इतिहासाचं पुस्तक, ‘शिवछत्रपती’. 1970 पासून पिढ्यान् पिढ्या त्या पुस्तकातून शिवाजी महाराजांना भेटल्या. मीही भेटले. परवा ते पुन्हा उघडलं आणि चकित झाले. सुरुवात शिवजन्मानं होत नाही. आधी शिवजन्मापूर्वीचा महाराष्ट्र येतो, रयतेचे हाल येतात, मग संतांचं काम, मग भोसल्यांचं घराणं, आणि त्यानंतर कुठे शिवबा. शेवटाकडेही लढाया संपल्यावर पुस्तक थांबत नाही. राज्य चालवायचं कसं, पाणी साठवायचं कसं, हेही तिथे आहे. त्यात काय असावं, काय नसावं, यावर महाराष्ट्रात किती वाद झाले ते सर्वांना ठाऊक आहे. दादोजी कोंडदेव शिवरायांचे गुरू होते का, हा प्रश्न तर पुण्याच्या लाल महालातला त्यांचा पुतळा हलवण्यापर्यंत, डिसेंबर 2010 पर्यंत गेला. तरीही पुस्तकाची बांधणी शहाण्या माणसांनी केली आहे. वीर येण्याआधी ती भूमी दाखवते. सोळा पानी पुस्तकांनी हेच सोडलं.

अनंत पै यांनी 1967 मध्ये मुंबईत ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि बत्तीस पानांचा, म्हणजे दोन फर्म्यांचा, साचा देशभर रूढ केला. पुण्याच्या प्रताप मुळीकांसारख्या चित्रकारांनी त्यात घोडे, कडे, शेले असे काढले की आमच्या पिढीला इतिहास त्याच रंगांत दिसतो. या चित्रकथांनी दक्षिणेतल्या मुलाला तानाजी दिला आणि मराठी मुलाला दूरदूरचे राजे-संत दिले, हे मोठंच काम. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक 1979 मध्ये आला. तो येईपर्यंत बारा वर्षं जावी लागली, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

बाबासाहेबांवरून एक प्रसंग सांगायलाच हवा. शाळकरी भीमरावाचा वस्तीनं सत्कार केला तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं एक चरित्र भेट दिलं. गौतम बुद्धाचं. ते लहान मुलांचं पुस्तक नव्हतं. गुरुजींनी मुलाची कुवत ओळखून दिलं. ते वाचल्यावर मुलानं घरी वडिलांना विचारलं की आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता, त्यात तर आपल्यासारख्यांची अवहेलनाच आहे, मग कशासाठी? पुढे 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली ते जग जाणतं. पेटीतलं एखादं पुस्तक कुणाच्या हाती पडेल आणि तिथून काय सुरू होईल, याचा अंदाज देणाऱ्यालाही नसतो. म्हणून मी चरित्रांच्या बाबतीत हलगर्जीपणा सहन करू शकत नाही.

मुलींसाठीची फळी अजून तोकडी आहे. जिजाऊ, लक्ष्मीबाई, सावित्रीबाई, अहिल्याबाई आहेत, आणि 2025 मध्ये अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनं त्यांच्यावरच्या पुस्तकांना बरकत आली. पण त्यातल्या बहुतेक पुस्तकांत त्यांना हातात शिवपिंड देऊन बसवलंय. महेश्वरहून तीसएक वर्षं कारभार हाकणारी, हिशेब तपासणारी, घाट बांधणारी बाई चित्रात कुठे आहे? आणि मुक्ता साळवे? फुल्यांच्या शाळेतली ही मुलगी 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. ती स्वतःच मूल होती! मुलांसाठी तिच्याइतकी जवळची नायिका दुसरी कोण असेल?

आता महापेकडे परत येते.

पेटीतल्या पुस्तकांतले वीर बहुतेक गडावरचे, दिल्लीचे, पंजाबचे. गावठाणातल्या मुलांच्या पायाखालच्या मातीतले पेटीत फारसे नाहीत. राघोजी भांगरे घ्या. अकोले तालुक्याच्या डोंगरातला हा महादेव कोळी बंडकरी. सावकारांनी कर्जापोटी आदिवासींच्या जमिनी गिळल्या, म्हणून तो उठला. 2 मे 1848 रोजी त्याला फाशी दिली ती ठाण्याच्या तुरुंगात. मुलं त्या ठाण्याला बसनं जातात. नाग्या कातकरी घ्या. उरण तालुक्यातल्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, आणि हुतात्म्यांत हा कातकरी तरुण होता. ज्या रानावर घर चालायचं ते रान कायद्यानं परकं झालं, एवढं साधं कारण. जरा लांबचेही पेटीत नाहीत. नंदुरबारचा शिरीषकुमार तर 1942 मध्ये गोळ्या झेलताना अवघ्या पंधरा वर्षांचा होता. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना चांद्याला 1858 मध्ये फाशी झाली. त्यांचं नाव या मुलांनी ऐकलेलंही नव्हतं.

आणि दि. बा. पाटील. जासईचे. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले ते. 16 आणि 17 जानेवारी 1984 च्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन भूमिपुत्रांना परत द्यायचं तत्त्व या लढ्यातून आलं. 2021 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून मानवी साखळी झाली, त्यात या मुलांचे आईबाप उभे होते. मुलांना फलकावरचा चेहरा ओळखता येतो. गोष्ट येत नव्हती.

तेव्हा आम्ही ठरवलं की एक फर्मा आपणच करायचा. मोठा ड्रॉइंग कागद तीनदा दुमडला, कडेला पानांचे आकडे घातले आणि पुन्हा उलगडला. पहिलं पान सोळाव्याच्या शेजारी आलं, तेव्हा मुलं हसून लोळली. मग कागद कापून पानं वाटली आणि प्रत्येकानं घरी विचारून यायचं ठरलं. ‘कशावरून’ विचारणाऱ्या मुलीच्या वाट्याला दुसरं पान आलं. पुढच्या शनिवारी ती आजीला घेऊनच आली. आजी जोत्यावर बसली, गुडघ्यावर हात ठेवून. ‘‘दिबा आमचे आंगनान बसलेले,’’ ती म्हणाली. मग तिनं रस्त्यापलीकडच्या कंपनीच्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि भाताच्या जातींची नावं घ्यायला लागली, कुठल्या खाचरात कुठली पेरायचे त्याप्रमाणे. मुलगी भराभर लिहून घेत होती. पान भरलं तरी आजीचं संपेना.

‘‘ताई,’’ मुलगी म्हणाली, ‘‘मला तिसरं पान पण द्या.’’