स्वार तीन किलोचा

४५, २७ आणि ३. संयुक्त अरब अमिरातीतल्या उंटांच्या शर्यती कशा बदलल्या, हे या तीन आकड्यांवरून कळते. तिन्ही आकडे किलोतले आहेत आणि तिन्ही उंटाच्या पाठीवरच्या स्वाराशी निगडित आहेत. पहिला आकडा सरकारने ठरवला, दुसरा प्रयोगशाळेतून आला आणि तिसरा बाजाराने घडवला. नवे तंत्रज्ञान समाजाचे काय करते, हे तपासायला याहून नेटके उदाहरण क्वचितच सापडेल.

४५ किलो : कागदावरची मर्यादा

शर्यतीचा पल्ला साधारण ४ ते १० किलोमीटरचा. एवढ्या अंतरात पाठीवरचा एकेक किलो उंटाला जड जातो. त्यामुळे मालकांना हलका स्वार हवा असे, आणि लहान मुलाहून हलका स्वार कुठला? पाकिस्तान, बांगलादेश, सुदान आणि मॉरिटानियातल्या गरीब घरांतून मुले आणली जात. काही तर जेमतेम चार-पाच वर्षांची असत. वजन वाढू नये म्हणून त्यांना अर्धपोटी ठेवल्याचे प्रकारही पुढे आले.

जुलै २००२ मध्ये सरकारने १५ वर्षांखालील आणि ४५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या स्वारांवर बंदी जाहीर केली. तरी मुले शर्यतीत दिसतच राहिली. २००४ मध्ये ‘एचबीओ’ या अमेरिकी वाहिनीने हे वास्तव जगासमोर आणले. जून २००५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या मानवी तस्करीविषयक अहवालात अमिरातीला तळाची, म्हणजे तिसरी श्रेणी मिळाली. त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने स्वाराचे किमान वय १८ केले आणि तुरुंगवासाची तरतूद केली.

२७ ते ३ किलो : यंत्राची चढाई

शेजारच्या कतारने ‘के-टीम’ या स्विस कंपनीकडून यंत्र-स्वार तयार करून घेतला. त्याच्या सुरुवातीच्या रूपाचे वजन सुमारे २७ किलो होते. म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलापेक्षा जास्तच. पुढे आखाती देशांतल्या कारागिरांनी तो पार सोपा केला : बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलची मोटर, तिला जोडलेला चाबूक, एक वॉकीटॉकी आणि वर रंगीत सदरा. वजन उतरून दोन-तीन किलोंवर आले. आता मालक धावपट्टीशेजारून गाडी पळवतो, रिमोटने चाबूक फिरवतो आणि वॉकीटॉकीवरून उंटाला हाळी देतो.

इथेच खरी मेख आहे. ४५ किलोंचा नियम पाळणारा मालक शर्यतीत मागे पडत होता. ३ किलोंचा रोबो बसवणारा पुढे जाऊ लागला. कायद्याच्या धाकाला फायद्याची जोड मिळाली, तेव्हा बदल टिकला.

२७ लाख डॉलर : सुटलेल्या मुलांचा हिशेब

रोबोने खोगीर रिकामे केले, पण मुलांना घरी पोचवणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. ते काम मे २००५ मध्ये ‘युनिसेफ’शी झालेल्या करारातून झाले. पहिल्या टप्प्यात हजाराहून अधिक मुले मायदेशी परतली. अमिरातीने त्यासाठी २७ लाख डॉलर दिले, म्हणजे मुलामागे सरासरी २,७०० डॉलरहूनही कमी. दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी ९० लाख डॉलर ठरले. काही मुलांच्या बाबतीत सोबतचे ‘आईबाप’ खरे आहेत की नाहीत, हे डीएनए चाचणीने तपासावे लागले.

पहिल्या टप्प्याच्या २७ लाखांशेजारी आणखी एक आकडा ठेवून पाहा. २००८ मध्ये अबू धाबीतल्या अल धफ्रा उंट महोत्सवात एक उंटीण १ कोटी दिरहमना विकली गेली. त्याचे डॉलर होतात सुमारे २७ लाख.

ओझे गेले कुठे?

मूल उतरले, तरी जिंकण्याची ईर्ष्या उतरली नाही. २०११ मध्ये दुबईत विजेचा झटका देणारी उपकरणे आत दडवलेले रोबो उघडकीस आले. मुलाच्या अंगावरचा अत्याचार आता मुक्या जनावराच्या वाट्याला आला होता. मराठी वाचकाला हे नवे नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींचा मार्ग मोकळा केला, तोही नियमांच्या चौकटीत. आणि त्या नियमांत काठी-चाबकाबरोबर विजेच्या झटक्यालाही मनाई आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये याच अमिरातीने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र मंत्री नेमला. जगातले हे पहिलेच असे पद. आता यंत्रे गोदामात, गाडीत आणि कचेरीत माणसाची जागा घेऊ पाहत आहेत, आणि अमिरातीत काम करणाऱ्यांत भारतीयांची संख्या मोठी आहे. त्या प्रत्येक यंत्राच्या हिशेबात तीन रकाने असायला हवेत : मालकाचे किती वाचले, बाजूला झालेल्याच्या पुढच्या आयुष्यासाठी किती ठेवले आणि उरलेले ओझे कोणाच्या पाठीवर गेले. पहिला रकाना मालक स्वतःहून भरतो. उंटांच्या शर्यतीत दुसरा भरायला ‘युनिसेफ’ला यावे लागले आणि तिसऱ्याकडे २०११ पर्यंत फारसे कोणी पाहिलेच नव्हते.