दोन बोटांपलीकडचा जांगो

जॅझ गिटारवादक जांगो राइनहार्टचं नाव निघालं की आधी आगीची गोष्ट निघते. ती खरीच आहे. नोव्हेंबर १९२८मध्ये पॅरिसच्या वेशीवर उभ्या असलेल्या त्याच्या घरगाडीत, बायकोने विकायला करून ठेवलेल्या सेल्युलॉइडच्या फुलांनी पेट घेतला. १८ वर्षांच्या जांगोचा डावा हात आणि उजवा पाय होरपळला. डॉक्टर पाय कापायला निघाले होते, त्याने साफ नकार दिला. भावाने आणून दिलेल्या गिटारवर तो अंथरुणातच नव्याने शिकला. डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका मात्र कायमची आखडली. लोक ही गोष्ट सांगून थांबतात आणि त्याचं संगीत ऐकायचं राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण खरी नवलाई पुढे आहे. धडधाकट हाताचा वादक एका जागी हात ठेवून चार बोटांनी सहाही तारांवर फिरतो. जांगोला ते जमणार नव्हतं. मग त्याचा हात गिटारच्या दांडीवर लांबीच्या दिशेने धावू लागला. एका तारेवर दोन स्वर, पुढच्या तारेवर दोन, तोवर हात वरच्या पडद्यांकडे सरकलेलाही असायचा. अर्ध्या-अर्ध्या स्वरांची झरझर तान तो एकच बोट तारेवरून घसरवत घ्यायचा. आखडलेली बोटंही त्याने वाया घालवली नाहीत. कॉर्ड धरताना ती बारीक तारांवर टेकवायचा. आणि उजवा हात! मोकळं मनगट, जाड पिक, ठाशीव आघात. त्याला साथ मिळाली सेल्मर कंपनीच्या गिटारची. मारिओ माकाफेरीने आखलेली ही गिटार १९३२मध्ये बाजारात आली. विजेशिवायही तिचा टणत्कार मैफलीत आरपार जायचा. जांगोची ५०३ क्रमांकाची सेल्मर आज पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे.

जन्म १९१०चा, बेल्जियममधल्या लिबेर्शीचा, मानूश रोमा या फिरत्या जमातीच्या कुटुंबातला. शाळा जवळजवळ नाहीच. लहानपणी पॅरिसच्या नृत्यगृहांत तो अकॉर्डियनवाल्यांना बँजोची साथ करायचा. पुढे अमेरिकन जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगच्या तबकड्यांनी त्याला झपाटलं. १९३४मध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर त्याचं पंचक उभं राहिलं. तीन गिटार, व्हायोलिन, बास, आणि ड्रम अजिबात नाही. तबलजीने ठेका धरावा तशी लय दोन साथीच्या गिटारी धरायच्या. अमेरिकेच्या जॅझला युरोपातून मिळालेलं हे पहिलं अस्सल उत्तर, असं मी मानतो.

१९३९मध्ये युद्ध पुकारलं गेलं तेव्हा पंचक लंडनमध्ये होतं. ग्रापेली तिथेच राहिला, जांगो पॅरिसला परतला. नाझी युरोपभर त्याच्यासारख्या रोमांना ठार मारत होते. १९४३मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये निसटायचा प्रयत्न केला, पण पकडला गेला आणि नशिबाने सुटला. याच काळात त्याच्यातला रचनाकार बहरला. १९४०च्या 'नुआज' या रचनेत व्हायोलिनच्या जागी दोन क्लॅरिनेट आले, आणि अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी उतरणारी ती चाल जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये घरोघरी पोचली. त्याला नोटेशन लिहिता येत नव्हतं, पण मनातला वाद्यवृंद त्याला पुरता ऐकू यायचा. गिटारवर एकेका वाद्याचा भाग वाजवून तो क्लॅरिनेटवादक जेरार लेव्हेककडून उतरवून घ्यायचा. रोमांसाठी चर्चमधल्या उपासनेचं संगीतही त्याने असंच सुरू केलं होतं. ते पूर्ण झालं नाही, ही मला त्याच्या बोटांपेक्षा मोठी हानी वाटते.

१९४६मध्ये अमेरिकन जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनबरोबर त्याने अमेरिकेचा दौरा केला. स्वतःची गिटार न घेताच तो तिकडे पोचला होता आणि दौरा अपेक्षेइतका रंगला नाही. पण तिथून पुढे त्याचं वादन बदलत गेलं. विजेची गिटार हातात आली, बीबॉप या नव्या जॅझशैलीची वाकडी वळणं आली. जुन्या चाहत्यांना ते रुचलं नाही.

१६ मे १९५३ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला, तेव्हा ४३ वर्षांचा होता. त्याआधी जेमतेम पाच आठवडे त्याने तरुण पियानोवादक मार्सियाल सोलालबरोबर ध्वनिमुद्रण केलं होतं. आगीची गोष्ट ठाऊक असलेल्यांनी आधी ते ऐकावं.