आधी विचारले, नंतर उत्तर आले

जर्मनीतील म्युनिक शहरातून विमानतळाकडे जाणारी एस-१ ही लोकल गाडी पकडली, तर वाटेत उंटरश्लाइसहाइम नावाचे गाव लागते. इ. स. २००० साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे जर्मनीतील मुख्य कार्यालय २०१६ सालापर्यंत याच गावी होते. त्या वर्षी ते म्युनिकच्या श्वाबिंग भागात गेले. हे कार्यालय ज्या रस्त्यावर होते त्याला कोनराड त्सुझे याचे नाव दिलेले आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हे नाव नवे असेल. त्सुझे या जर्मन इंजिनियरने १९४१ साली बर्लिनमध्ये ‘झेड-३’ हा संगणक चालवून दाखविला. आज्ञावलीवर चालणारा तो जगातील पहिला संगणक मानला जातो. एक गुणाकार करण्यास त्याला सुमारे ३ सेकंद लागत, आणि तोवर ते यंत्र दुसरे काहीही करीत नसे. विचारले, थांबले, उत्तर घेतले, पुढे गेले, असा त्याचा सरळ मार्ग होता.

आज आपल्या घरोघरी मुले-मुली ज्या पडद्यापुढे बसतात, तेथे हा सरळ मार्ग उरलेला नाही. त्यातून एक विलक्षण प्रकारचा बिघाड जन्मास आला आहे. तो युरोपात बसलेल्या माणसास सहसा दिसत नाही आणि आपल्यासारख्या दूरच्या बेटावर मात्र हटकून दिसतो. त्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम थोडा इतिहास. पूर्वी ब्राउझरमध्ये एखादे बटण दाबले की सबंध पान पुसले जाई आणि नवे पान येईपर्यंत पांढऱ्या पडद्याकडे पाहत बसावे लागे. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील मंडळींना आपली आउटलुक ही टपाल-व्यवस्था ब्राउझरमधून चालवावयाची होती. त्यासाठी त्यांनी ‘एक्सएमएलएचटीटीपी’ असे लांबलचक नाव असलेले एक साधन तयार केले, आणि मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीबरोबर ते सर्वांच्या हाती आले. पान जागच्या जागी ठेवून मागच्या मागे सर्व्हरला प्रश्न पाठवावयाचा आणि उत्तर येईल तेव्हा पानाचा तेवढाच भाग बदलावयाचा, ही त्यातील युक्ती. पुढे इतर ब्राउझरांनीही ती उचलली. २००४ साली जीमेल आणि २००५ साली गूगलचे नकाशे आले, तेव्हा लोकांना तिचे मोल कळले. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीस ‘एजॅक्स’ हे नाव दिले. (याच नावाची भांडी घासण्याची पावडरही आहे. तिचा येथे संबंध नाही!)

या नावातील पहिल्या अक्षराचा अर्थ ‘असिंक्रोनस’, म्हणजे प्रश्न विचारणाराने उत्तरासाठी खोळंबून न राहणे. बोटीने टपाल जाई त्या दिवसांतील पत्रव्यवहार आठवावा. येथून रत्नागिरीस पत्र टाकले म्हणजे कोणी बंदरावर उत्तराची वाट पाहत उभे राहत नसे. शेतातील, घरातील कामे चालूच राहत; पत्र आले की वाचीत. आणि दोन पत्रे दोन वेगळ्या बोटींनी गेली, तर मागाहून लिहिलेले आधी पोचण्याचाही संभव असे. वाचणारा शहाणा असल्यामुळे वरची तारीख पाहून तो क्रम लावून घेई. ब्राउझर मात्र तारीख पाहत नाही. पाहा असे आपण त्याला सांगितले तरच तो पाहतो.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. वाकवाची ही मुलगी परदेशातील एका परीक्षेसाठी अर्ज भरीत होती. अर्जात आधी देश निवडावयाचा, मग त्या देशातील परीक्षा-केंद्रांची यादी खाली उघडते. देशांच्या यादीत तिचे बोट आधी ‘भारत’वर पडले, लगेच तिने ते सुधारून ‘मॉरिशस’ केले. झाले असे की मॉरिशसची छोटी यादी आधी येऊन पोचली आणि भारताची लांबलचक यादी तिच्या पाठोपाठ आली. नंतर आलेल्या यादीने आधीची पुसून टाकली. वर देश मॉरिशस आणि खाली केंद्रे भारतातील! मुलीने पाहिले तेव्हा पहिले नाव आपोआप निवडलेले होते. तिने घाईत ‘पुढे’ दाबले. प्रवेशपत्र आले ते समुद्रापलीकडच्या शहराचे. परीक्षेस तीन आठवडे उरले होते, आणि विमानाचे भाडे त्या घराला झेपणारे नव्हते. पत्रव्यवहार झाला, तिकडून उत्तर आले की, आमच्या यंत्रावर असे काही होत नाही. अखेरीस मुलीच्या मामाने, जे एबेनला संगणकाच्या कचेरीत काम करतात, दोष उकलून लेखी कळविला, तेव्हा केंद्र बदलून मिळाले.

त्या लोकांचे उत्तर खोटे नव्हते, हे येथे समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्या यंत्रावर खरोखरच तसे होत नव्हते. म्युनिकपासून आपले बेट सरळ रेषेत सुमारे ९ हजार किलोमीटर दूर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश एका सेकंदात सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली असती तरी जाण्यायेण्यात सेकंदाचा जवळजवळ दहावा हिस्सा लागला असता. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते. २००२ सालापासून चालू असलेली ‘सेफ’ ही समुद्री केबल एकीकडे दक्षिण आफ्रिका आणि दुसरीकडे कोचीन व पेनांग यांना आपल्याशी जोडते; युरोपचा रस्ता अशा लांबच्या फेऱ्याने आहे. वाटेत यंत्रे, रांगा, कधी हरवलेला तुकडा पुन्हा पाठविणे, असे काही ना काही असतेच. ज्याचा सर्व्हर शेजारच्या खोलीत आहे त्याला उत्तर डोळ्याची पापणी लवण्याआधी मिळते. दुसरा प्रश्न विचारण्यापूर्वीच पहिल्याचे उत्तर आलेले असते, मग क्रम चुकणार कसा? आमच्या मते या प्रकारच्या बिघाडाचे खरे नाव ‘अंतर’ हेच आहे. पुस्तकांत त्याला शर्यत म्हणतात: दोन उत्तरे धावत निघाली, आणि शेवटी पोचणारे पडद्यावर राहिले.

मामांनी तो शोधला कसा, हे आमच्या तरुण वाचकांनी नीट पाहावे. ब्राउझरमध्ये एफ-१२ हे बटण दाबले की तपासणीचे दालन उघडते. २००६ साली फायरफॉक्ससाठी ‘फायरबग’ नावाची जोडणी निघाली, तिने ही सोय लोकप्रिय केली. ती स्वतः पुढे बंद झाली, पण आज प्रत्येक ब्राउझरमध्ये असे दालन आहे. त्यातील ‘नेटवर्क’ या भागात पानाने पाठविलेली प्रत्येक विनंती, ती निघाल्याची वेळ, उत्तराची वेळ आणि उत्तराचा क्रमांक ओळीने दिसतो. मामांनी तेथे दोन विनंत्या पाहिल्या आणि खालची वरच्याआधी संपलेली पाहिली. अर्धे काम तेथेच झाले.

उरलेले अर्धे म्हणजे दोष पुन्हा घडवून दाखविणे. त्याच दालनात जाळे मुद्दाम मंद करण्याची सोय आहे. पण येथे एक बारकावा आहे. सर्वच विनंत्या सारख्या मंद केल्या, तर त्या पुष्कळदा क्रमानेच येतात आणि दोष लपून राहतो. पहिल्याच उत्तराला अडकवून ठेवावे लागते. सर्व्हर आपल्या हाती असेल तर त्या एका उत्तरापुढे पाच सेकंदांचा थांबा घालावा आणि मग दोन देश पाठोपाठ निवडावेत. तसे केले की दोष दर वेळी दिसतो, आणि दर वेळी दिसणारा दोष कोणी नाकारू शकत नाही. उपाय मात्र दोन-चार ओळींचा आहे. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक द्यावा आणि शेवटच्या क्रमांकाचे नसलेले उत्तर फेकून द्यावे; किंवा नवा प्रश्न विचारताना जुना रद्द करावा, ज्याची सोय आता ब्राउझरमध्येच आहे. उत्तर येईपर्यंत खालची यादी बंद ठेवली तर फारच उत्तम.

शिकाऊ मुलांची सर्वांत नेहमीची अडचण याहून साधी असते. प्रश्न पाठविणाऱ्या ओळीच्या लगेच खाली उत्तर वापरावयास जातात आणि हाती रिकामे येते. पत्र पेटीत टाकताच त्याच पेटीत हात घालून उत्तर चाचपण्यासारखे हे आहे. उत्तरावर करावयाचे काम उत्तर आल्यानंतर चालणाऱ्या भागातच लिहावे लागते. २०१७ सालच्या जावास्क्रिप्टमध्ये ‘अवेट’ हा शब्द आला, तेव्हापासून लिहिणे पुष्कळ सोपे झाले. मात्र तो शब्द लिहावयाचा राहिला तर ब्राउझर तक्रार करीत नाही, उत्तराऐवजी उत्तराचे नुसते वचन हाती ठेवतो.

‘फेच’ नावाच्या नव्या साधनाची एक खोडही सांगून ठेवतो. सर्व्हरने ४०४ किंवा ५०० असा नकाराचा क्रमांक पाठविला तरी फेच त्याला अपयश मानीत नाही. पत्राचे उत्तर आले ना, मग त्यात शिव्या का असेनात! क्रमांक पाहण्याचे काम लिहिणाऱ्याचे. ते न केल्यामुळे ‘आपला अर्ज मिळाला’ असे हिरव्या अक्षरांत दाखविणारी आणि प्रत्यक्षात काहीही न मिळालेली पाने आम्ही पाहिली आहेत.

कधी उत्तराचा क्रमांक शून्य दिसतो आणि लाल अक्षरांत ‘कॉर्स’ हा शब्द येतो. एका ठिकाणाहून आलेल्या पानाने दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरचे उत्तर वाचावे की नाही, हे ठरविणारा तो नियम आहे. परवानगी त्या दुसऱ्या सर्व्हरने आपल्या उत्तराच्या शिरोभागात द्यावयाची असते. आपल्या पानात कितीही डोके खपविले तरी ती मिळत नाही. काही विनंत्यांपूर्वी ब्राउझर ‘ऑप्शन्स’ नावाची चौकशीची विनंती आधी धाडतो. सर्व्हरने तिलाच नकार दिला तर खरी विनंती निघतच नाही. पण साध्या विनंत्या थेट जातात, आणि तेथे ब्राउझर फक्त उत्तर झाकतो. म्हणजे पडद्यावर लाल अक्षरे आली तरी तिकडे काम झालेले असू शकते. हे ध्यानात न घेता पुन्हा पुन्हा पाठविले की नोंद दोनदा होते.

पैशांच्या बाबतीत याच प्रकाराची आम्हांला सर्वांत अधिक काळजी वाटते. शुल्क भरण्याचे बटण दाबले, चक्र फिरत राहिले, अर्ध्या मिनिटाने ‘वेळ संपली’ असे आले. वेळ संपली याचा अर्थ पैसे गेले नाहीत असा होत नाही. उत्तर आले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पैसे भरल्यावर परतीच्या वाटेवर उत्तर हरवले असेल, किंवा जाताना विनंतीच हरवली असेल. ब्राउझरला दोन्ही सारखेच दिसते. म्हणून चांगला प्रोग्रॅमर प्रत्येक भरण्याला एक खुणेचा क्रमांक देतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर नवे पैसे न घेता जुनीच पावती परत करतो. पण समोरच्याने हे केले आहे की नाही, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. तेव्हा घरातील मोठ्यांनी बटण दुसऱ्यांदा दाबण्यापूर्वी बँकेचे खाते पाहावे. पाच मिनिटे गेली तरी चालतील.

दूरच्या कचेरीकडे तक्रार करावयाची झाल्यास ‘पान चालत नाही’ एवढे लिहून भागत नाही. कोणते बटण कोणत्या क्रमाने दाबले, कोणती विनंती केव्हा निघाली, उत्तराचा क्रमांक कोणता आला, हे लिहावे. नेटवर्क दालनातील सर्व नोंद ‘हार’ नावाच्या एका फाइलमध्ये साठवून पाठविता येते. मात्र तिच्यात आपले परवलीचे शब्द आणि प्रवेशाच्या खुणा असू शकतात, त्या आधी काढाव्यात. वेळ लिहिताना ती मॉरिशसची आहे असे स्पष्ट म्हणावे, म्हणजे तिकडच्या माणसाला आपल्या सर्व्हरच्या वहीत नेमकी ती ओळ शोधता येईल. मार्चच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या शेवटापर्यंत जर्मनीचे घड्याळ आपल्यामागे दोन तास असते, आणि उरलेले महिने तीन तास.