फी भरणाऱ्यांचा फुटबॉल

अमेरिकेतले बहुतेक युवा फुटबॉल क्लब कायद्याच्या दृष्टीने ना-नफा संस्था आहेत. करसवलतीच्या बदल्यात त्यांना दरवर्षी सरकारकडे विवरणपत्र भरावे लागते आणि ते कोणालाही पाहता येते. त्याच्या पहिल्याच पानावर संस्थेचे ध्येय लिहायचे असते. तिथे मुलांचा विकास, खिलाडूवृत्ती, उत्कृष्टता असे शब्द भेटतात. काही पाने उलटली की उत्पन्नाचा तपशील येतो आणि तिथे बहुधा एकच आकडा बाकी सगळ्यांना झाकून टाकतो: पालकांनी भरलेली फी. माझे प्रतिपादन असे आहे की क्लब कसा वाढेल, कोणाला घेईल, कोणाला वगळेल आणि कोणत्या मुलावर किती वेळ खर्च करील, हे सगळे या नंतरच्या पानावर ठरते. पहिल्या पानावरचे शब्द खोटे असतात असे मला म्हणायचे नाही. ते लिहिणारे प्रशिक्षक आणि पालक बहुतेक वेळा मनापासूनच लिहितात. पण संस्था शेवटी ज्याच्या पैशावर उभी असते त्याच्याच अपेक्षा पुऱ्या करू लागते, आणि फी भरणाऱ्या पालकाची अपेक्षा व मुलाची गरज दर वेळी एक नसते. अमेरिकी युवा फुटबॉलची गेली साठ वर्षे हा या गोष्टीचा तपशीलवार पुरावा आहे. महाराष्ट्रात खासगी फुटबॉल अकादम्या वाढत असताना तो वाचायलाच हवा.

सुरुवात मुळीच अशी नव्हती. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या टॉरन्स इथे अवघ्या नऊ संघांनिशी ‘अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन’ उभी राहिली. येईल त्या मुलाला प्रवेश, दर हंगामात संघांची नव्याने समतोल वाटणी आणि प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ मैदानावर संधी, हे तिचे नियम. प्रशिक्षक म्हणजे संध्याकाळी कामावरून परतलेले आईवडील. पुढे १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करण्यास मनाई केली आणि शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर मुलींसाठी जागा निर्माण झाली. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला आला. उपनगरांतल्या मध्यमवर्गीय घरांना एक चेंडू आणि मोकळे गवत एवढ्यावर भागणारा हा खेळ मानवला. मग त्याच घरांतून रास्त मागणी पुढे आली: आमच्या मुलीला खेळात गती आहे, तिला जाणता प्रशिक्षक हवा, तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवेत. या मागणीतून स्पर्धात्मक क्लब जन्मले. पगारी प्रशिक्षक आले, त्यांतले कितीतरी ब्रिटनमधून. पगार आला म्हणजे फी आली, आणि निवड आली म्हणजे नकारही आला.

अशा क्लबच्या वाढीची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण सारा प्रश्न तिथे आहे. हंगामाआधी निवड-चाचणी होते, तिला तिथे ट्रायआउट म्हणतात. एकाच वयोगटाचे पहिला, दुसरा, तिसरा असे संघ पाडले जातात. पहिला संघ दूरदूरच्या स्पर्धा खेळतो आणि चषक आणतो. त्या चषकांच्या छायाचित्रांनी नवी कुटुंबे ओढली जातात. पण पहिल्या संघात जागा ठरलेल्या असल्याने त्यांची मुले दुसऱ्या-तिसऱ्या संघात जातात. फी त्यांचीही जवळपास तेवढीच असते. अनुभवी प्रशिक्षक मात्र वरच्या संघाकडे असतो. थोडक्यात, खालच्या संघांच्या पैशांवर वरचा संघ पोसला जातो आणि वरच्या संघाच्या यशावर खालचे संघ भरले जातात. दहा वर्षांच्या मुलांचा निकाल इथे जाहिरातीचे काम करतो. मग प्रशिक्षक स्वाभाविकपणे आज जिंकून देणारे मूल निवडतो, आणि दहाव्या वर्षी जिंकून देते ते बहुधा लवकर वाढलेले, अंगापिंडाने थोराड मूल. एकाच वयोगटात वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुले जास्त निवडली जातात, हे कॅनडातल्या आइस हॉकीच्या अभ्यासांतून १९८०च्या दशकातच पुढे आले आणि फुटबॉलमध्येही पुन्हा पुन्हा आढळले. अमेरिकेने वयोगटाची सीमारेषा मधल्या काळात ऑगस्टवरून जानेवारीवर नेली. आता २०२६-२७ च्या हंगामापासून प्रमुख संघटना ती पुन्हा ऑगस्टवर आणत आहेत. त्याने शाळासोबती एका संघात येतील, हा फायदा खरा. पण लाभ होणारा महिना बदलला तरी घाई तशीच राहते.

या व्यवस्थेत कोण गळतो? क्लिंट डेम्प्सी जवळजवळ गळालाच होता. टेक्सासच्या नॅकोग्डोचेसमधल्या या मुलाला ‘डॅलस टेक्सन्स’ या क्लबात खेळण्यासाठी घरच्यांना सुमारे तीन तास गाडी हाकावी लागे. बहिणीच्या टेनिसचा खर्चही पेलायचा असल्याने त्याला मध्यंतरी क्लब सोडावा लागला. सहकाऱ्यांच्या पालकांनी हातभार लावला म्हणून तो परतला. पुढे त्याने अमेरिकेसाठी ५७ आंतरराष्ट्रीय गोल केले आणि लँडन डोनोव्हनच्या विक्रमाशी बरोबरी साधली. क्लबांचे समर्थक म्हणतात की गरजू मुलांसाठी शुल्कमाफी असतेच. असते, आणि ती देणाऱ्यांच्या सद्भावनेविषयी मला शंका नाही. पण माफीचा पैसाही इतरांच्या फीतूनच येतो, म्हणून तिला मर्यादा पडते. आणि ती सहसा अशा मुलाला मिळते ज्याची चमक आधीच दिसली आहे. साधारण खेळणाऱ्या गरीब मुलाला, जे कदाचित पंधराव्या वर्षी फुलले असते, ती क्वचितच मिळते. साधारण खेळणाऱ्या सधन मुलाला मात्र तिसऱ्या संघात जागा आहे. शिवाय स्पर्धांचा प्रवास, हॉटेल, पेट्रोल आणि शनिवार-रविवारी मोकळे असलेले आईवडील, यांची माफी कोणता क्लब देणार?

पालक एवढा खर्च का करतात, याचे एक मोठे कारण महाविद्यालयीन शिष्यवृत्तीची आशा हे आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा हिशेब परका नाही. तो मांडून पाहावा. गेल्या कित्येक वर्षांच्या नियमानुसार पहिल्या श्रेणीतल्या महाविद्यालयाला मुलांच्या फुटबॉल संघासाठी ९.९ आणि मुलींच्या संघासाठी १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढीच मुभा होती, आणि ती रक्कम पंचवीस-तीस खेळाडूंत तुकडे करून वाटली जाई. २०२५ पासून ती मर्यादा जाऊन संघातल्या खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आली, पण पैसा वाढवण्याची सक्ती कोणावर नाही. माध्यमिक शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांतून या श्रेणीपर्यंत जेमतेम एक-दोन पोचतात. दरवर्षी काही हजार डॉलर अशी दहा वर्षे भरलेली फी आणि हातात येऊ शकणारा शिष्यवृत्तीचा तुकडा यांची बेरीज-वजाबाकी बहुतेक घरांत जुळत नाही. तरीही आशा टिकते, कारण तिच्यावर महाविद्यालयीन प्रशिक्षकांपुढे खेळाडू मांडणाऱ्या प्रदर्शनी स्पर्धांची अख्खी बाजारपेठ उभी आहे.

क्लबचे चालक यावर विचारतात: फी नको तर आम्ही जगायचे कशावर? प्रश्न रास्त आहे. जगभर त्याचे एक उत्तर ठरलेले आहे. फिफाच्या २००१ पासूनच्या नियमांनुसार करार चालू असताना खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबला विकला गेला, तर हस्तांतरणाच्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. ४० लाख डॉलरचा सौदा झाला तर त्या मुलाला बारा ते पंधरा या वयात शिकवणाऱ्या क्लबला ४० हजार डॉलर मिळतात. अमेरिकी महासंघाने मक्तेदारीविरोधी कायद्याच्या धास्तीने हा नियम वर्षानुवर्षे लागू होऊ दिला नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या ‘क्रॉसफायर प्रीमियर’ या युवा क्लबने, तिथे घडलेला डीआंद्रे येडलिन २०१४ मध्ये टॉटनहॅमकडे गेल्यावर, आपला वाटा मागितला आणि हा वाद चव्हाट्यावर आला. २०१९ मध्ये मेजर लीग सॉकर या तिथल्या व्यावसायिक लीगने आपल्या अकादम्यांसाठी अशी भरपाई मागण्याचे धोरण जाहीर केले. लीगच्या क्लबांनी तोवर बहुतेक अकादम्या विनाशुल्क केल्या होत्याच. एफसी डॅलसने घडवलेला रिकार्डो पेपी जानेवारी २०२२ मध्ये दीड कोटी डॉलरहून अधिक रकमेला जर्मनीच्या ऑग्सबुर्गकडे गेला. उत्पन्नाचा झरा पालकाकडून खेळाडूच्या भविष्याकडे सरकताच क्लब गरीब वस्त्यांत मुले शोधू लागला, हे माझ्या म्हणण्याला बळ देणारेच आहे. पण ही व्यवस्थाही निर्दोष नाही. विकता येईल तोच खेळाडू जिथे मोलाचा, तिथे इतरांना सोडून देणे सोपे जाते. इंग्लंडमधल्या अकादम्यांनी कोवळ्या वयात बाहेर काढलेल्या मुलांची दुःखे तिथे उघडपणे चर्चिली जातात. म्हणून विक्रीचा पैसा हा अर्धाच उपाय आहे.

सर्वांत वजनदार आक्षेप स्त्रियांच्या फुटबॉलचा. १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक अमेरिकेच्या महिलांनी जिंकले, आणि त्यांतल्या बहुसंख्य खेळाडू याच फी घेणाऱ्या क्लबांतून आल्या. मग व्यवस्था नापास कशी? हे यश मी मुळीच कमी लेखत नाही. मुलींना गंभीरपणे शिकवणारे क्लब जगात फारसे कुठे नव्हते तेव्हा ते अमेरिकेत होते, आणि हे या क्लबांचे सर्वांत अभिमानास्पद काम आहे. मात्र त्यामागे फीइतकाच ‘टायटल नाइन’चा, म्हणजे सार्वजनिक कायद्याचा, हात होता. दुसरे असे की इंग्लंडमध्ये १९२१ पासून जवळपास पन्नास वर्षे तिथल्या फुटबॉल संघटनेच्या मैदानांवर महिलांना बंदी होती. ब्राझीलमध्ये १९४१ पासून चार दशके सरकारी मनाई होती. प्रतिस्पर्ध्यांचे दरवाजे बंद असताना रुंद पाया असलेला देश पुढे राहिला. आता युरोपातल्या बड्या क्लबांनी मुलींच्या अकादम्या उघडल्या आहेत. २०२३ मध्ये स्पेन जगज्जेता झाला आणि अमेरिका बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात परतली. पुढच्याच वर्षी तिने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, तेव्हा पाया खचला म्हणणे चूक ठरेल. पुढचा प्रश्न एवढाच की फी न परवडणाऱ्या घरांतल्या मुली बाहेर ठेवून ही आघाडी किती काळ टिकेल.

तिसरी वाट आइसलँडने दाखवली आहे. लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, हिवाळा लांब आणि अंधारा. २००० पासून तिथल्या नगरपालिकांनी पूर्ण आकाराची बंदिस्त मैदाने बांधली, आणि महासंघाने युरोपीय परवाना असलेले प्रशिक्षक शेकड्यांनी तयार केले. तिथे सहा-सात वर्षांच्या मुलांनाही शिकलेला, पगारी प्रशिक्षक मिळतो. फी तिथेही आहे. पण नगरपालिका मुलामागे वार्षिक अनुदान देते आणि मैदान सार्वजनिक असते. म्हणजे क्लबला पालकाची गरज असली तरी त्याच्यावर पूर्ण भिस्त नसते, आणि एखाद्या मुलाला वगळण्याचे आर्थिक कारणच उरत नाही. कोपावोगुर शहरातल्या ब्रेइदाब्लिक या एकाच क्लबातून गिल्वी सिगुर्दसन, आल्फ्रेद फिनबोगासन असे खेळाडू आले. २०१६ च्या युरो स्पर्धेत या देशाने इंग्लंडला २-१ ने हरवले आणि २०१८ च्या विश्वचषकासाठी पात्र ठरून तो तिथवर पोचलेला तोवरचा सर्वांत छोटा देश ठरला. नॉर्वेने तर १९८७ मध्येच मुलांच्या खेळाचे नियम केले. अकराव्या वर्षाआधी तिथे गुणतालिका लावत नाहीत. स्पर्धेशिवाय कणखरपणा येत नाही म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की मुले प्रत्येक सामना जिंकण्यासाठीच खेळतात, तालिका असो वा नसो. तिची निकड असते ती फी भरणाऱ्याला माल दाखवू पाहणाऱ्या क्लबला.

आपल्याकडे फीची आणि सार्वजनिक पाठबळाची, अशा दोन्ही वाटा अजून खुल्या आहेत. मुंबई-पुण्यात युरोपीय क्लबांची नावे लावलेल्या, मासिक फी घेणाऱ्या अकादम्या आहेत. कोल्हापुरात तालमींच्या नावाने खेळणारे आणि पेठेच्या जिवावर जगणारे संघ आहेत. पण मुलांना पायरीपायरीने वर नेणारी शिडी तिथे अपुरी. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, हे लक्षात घ्यावे. फी घेणाऱ्या अकादम्या बंद कराव्यात असे मी म्हणत नाही; त्यांनी शिकलेले प्रशिक्षक आणि नियमित सराव आणला आहे. महानगरपालिका जेव्हा त्यांना मैदान भाडेपट्ट्याने देते, तेव्हा मात्र तिने तीन गोष्टी दरवर्षी जाहीर करायला लावाव्यात: दहाव्या वर्षी आलेली किती मुले सोळाव्या वर्षी खेळत आहेत, त्यांतली किती विनाशुल्क आहेत आणि सर्वांत खालच्या संघाच्या प्रशिक्षकाकडे कोणता परवाना आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चषक जिंकणाऱ्या संघाला चांगला प्रशिक्षक कुठलाही क्लब देईल. तिसऱ्या संघाला तो द्यायला स्वतःच्या तिजोरीला तोशीस लावून घ्यावी लागते.