पुढची संख्या कोणती? अंकमालिकांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

संख्यामालिकेच्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असते, हा समज स्पर्धा परीक्षांच्या सरावातून पक्का झालेला आहे; वस्तुस्थिती अशी की, दिलेल्या पदांना, म्हणजे मालिकेतील संख्यांना, लागू पडणारे नियम अनेक असू शकतात. १, २, ४, ८, १६ यांच्यापुढे दुपटीच्या नियमाने ३२ येतात. परंतु वर्तुळावर एकेक बिंदू वाढवत जाऊन सर्व बिंदू परस्परांना रेषांनी जोडले आणि तीन रेषा एका ठिकाणी छेदू दिल्या नाहीत, तर वर्तुळाचे भागही याच क्रमाने पडतात आणि सहाव्या बिंदूला ते ३१ भरतात.

नियम बऱ्याच पदांना लागू पडला की तो सिद्ध झाला, हाही तसाच एक भ्रम आहे. डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांत ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१ अशी देखणी रांग नऊ एककांपर्यंत अखंड चालते, मात्र दहा एककांच्या वर्गात मधल्या स्थानी दहा येऊन हातचा पुढे जातो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी मोडलेली संख्या मिळते.

या दोन्ही गैरसमजांची खरी कसोटी खारदांड्यासारख्या कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर लागते, कारण तेथे पुढचे पद म्हणजे भरतीची वेळ असते. कोकण किनाऱ्यावर प्रचलित असलेल्या आडाख्यानुसार तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा आडाखा म्हणजे अंधश्रद्धा नव्हे आणि अचूक सूत्रही नव्हे. एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो आणि पृथ्वीला तेवढे वळण्यास ४८ मिनिटे लागतात, तर पाऊणपटीत तिथीमागे ४५ मिनिटेच धरलेली असतात. चतुर्थीला १२ मिनिटांची असलेली तूट पंधराव्या तिथीला ४५ मिनिटांवर जाते, म्हणून हिशेबाने सव्वाअकरा येतात, पण भरती बाराच्या सुमारास अपेक्षित असते. तोंडी गणितासाठी एवढी चूक पत्करणे हा शहाणपणाचाच सौदा म्हटला पाहिजे.

तथापि ४८ मिनिटे हीसुद्धा सरासरीच आहे, आणि दोन पदांतील फरक समान दिसला की तो सदैव समान राहणार, हे गृहीतक येथे कोसळते. सूर्याच्या ओढीमुळे उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या दिवसांत वेळ कमी सरकते, तर अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भांगाच्या लहान भरतीत ती जास्त सरकते.

म्हणूनच भरतीची वेळापत्रके बनवणारे मागच्या वेळांवरून पुढची वेळ थेट ताडत नाहीत. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीच्या नोंदी झालेल्या आहेत. अशा नोंदी चंद्राची १२ तास २५ मिनिटांची, सूर्याची १२ तासांची आणि इतर अनेक लाटांत विभागल्या जातात, आणि प्रत्येक लाटेचा कालावधी खगोलशास्त्रातून आधीच ठाऊक असल्यामुळे नोंदींतून केवळ तिची उंची आणि ती माथ्यावर येण्याची वेळ शोधावी लागते.