विश्लेषण : मधमाशी वाचली म्हणजे तुरीवरची पानकापी माशीही वाचेल का?

तूर फुलोऱ्यात आली की बुलढाणा जिल्ह्यातील शिवारांत फवारणी पंप बाहेर निघतात. शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी ही फवारणी होते, पण त्याच वेळी फुलांवर जंगली माश्यांचीही ये-जा सुरू असते. एखादे कीटकनाशक मधमाशीला फारसे घातक नसेल, तर ते इतर माश्यांनाही चालेल, असे सहसा धरले जाते. माश्यांच्या जनुकसंचांची म्हणजे जीनोमची तुलना झाल्यावर मात्र हा समज डळमळीत झाला आहे.

एकट्या राहणाऱ्या माश्या कोणत्या?

मधमाशी ज्या गटात मोडते, त्या गटात जगभर २० हजारांहून अधिक प्रजाती आहेत. त्यातील बहुतेक एकट्या राहतात. त्यांना ना पोळे, ना राणी, ना कामकरी माश्या. प्रत्येक मादी जमिनीत, लाकडात किंवा पोकळ काडीत स्वतःचे घरटे करते, परागाचा गोळा ठेवते आणि त्यावर अंडे घालते. लाकूड पोखरणारा काळा भुंगा आणि गुलाबाच्या पानांचे गोल तुकडे कापून नेणारी पानकापी माशी ही ओळखीची उदाहरणे.

शेतकऱ्याशी संबंध काय?

तूर स्वतःच्या परागावरही शेंगा धरते. मात्र तिचे पराग चिकट असल्याने वाऱ्याने पसरत नाहीत. एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेण्याचे काम माश्या करतात आणि त्यात पानकापी माश्या व भुंगे आघाडीवर असतात. संकरित तुरीचे बियाणे तर माश्यांशिवाय तयारच होत नाही. जिल्ह्यात होणाऱ्या कांदा बीजोत्पादनालाही परागीभवन करणारे कीटक लागतात.

जनुकसंच वाचतात कसा?

माशीच्या शरीरातून डीएनए वेगळा काढतात, यंत्रावर त्याचे तुकडे वाचतात आणि संगणकाच्या मदतीने ते क्रमाने जोडतात. नर माशी फलन न झालेल्या अंड्यातून जन्मते. तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच असल्याने ही जुळणी सोपी जाते. पाश्चात्त्य मधमाशीचा जनुकसंच २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर एकट्या राहणाऱ्या प्रजातींचे जनुकसंचही वाचले जाऊ लागले.

तुलनेत काय आढळले?

काही कीटकनाशकांचे विष शरीरात मोडून टाकणारी ‘सीवायपी९क्यू’ गटातील जनुके मधमाशीकडे असतात. पाश्चात्त्य देशांत लसूणघासाच्या बीजोत्पादनासाठी पाळली जाणारी एक पानकापी माशी मात्र या जनुकांविना जगते. इतर पाळीव माश्यांच्या तुलनेत ती थायाक्लोप्रिड या निओनिकोटिनॉइड कीटकनाशकाला अडीच हजार पटींहून अधिक संवेदनशील असल्याचे २०१९ मध्ये दिसून आले. तिच्याच कुळातील मातीची घरटी करणाऱ्या एका युरोपीय माशीकडेही ही जनुके नाहीत, पण दुसरे एक जनुक तेच काम करते. २०२२ मध्ये ७५ प्रजातींचा अभ्यास झाला. बहुतेक कुळांत ही संरक्षक जनुके सापडली, पण पानकापी माशीच्या कुळातील काही प्रजातींत ती नव्हती.

बुलढाण्यासाठी याचा अर्थ काय?

युरोपीय महासंघाने २०२० मध्ये थायाक्लोप्रिडच्या परवानगीचे नूतनीकरण नाकारले. भारतात ते कपाशी, सोयाबीन, मिरची या पिकांसाठी वापरले जाते. तूर बऱ्याचदा सोयाबीन-कपाशीतच आंतरपीक म्हणून उभी असते. त्यामुळे एका पिकावरचा फवारा दुसऱ्या पिकाच्या फुलांवर जायला वेळ लागत नाही. तुरीवर येणाऱ्या पानकापी माशीत विष पचवण्याची क्षमता किती, हे युरोपातल्या बहिणीवरून सांगता येणार नाही. त्यासाठी तिचाच जनुकसंच वाचावा लागेल आणि चाचणीही तिच्यावरच घ्यावी लागेल.

तोवर काही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात आहेत. अळीचे प्रमाण पाहूनच फवारणी करणे, ती माश्या परतल्यावर संध्याकाळी करणे, धुऱ्यावरची थोडी जमीन न नांगरता ठेवणे आणि वाळके लाकूड सरसकट न जाळणे. मधमाशीची पेटी मोहोळासह दुसरीकडे हलवता येते. धुऱ्यातल्या माशीचे घरटे हलवता येत नाही.